काचेतला समुद्र

समुद्रकाठच्या गावात मास्तरकी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लौकर कळून चुकते. मुलांना समुद्र शिकवायच्या भरीस त्याने पडू नये, कारण या विषयात मुले त्याच्या कितीतरी पुढे असतात. मी या शाळेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी अशी तीन वर्तुळे काढून मी भरती-ओहोटीचे मर्म मोठ्या उत्साहाने समजावून देत होतो, आणि संध्याकाळी सगळ्यांनी किनाऱ्यावर जाऊन पाणी किती लांब जाते ते पाहावे, असे सांगत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजी, आज अष्टमी. आज भांग आहे. पाणी लांब जायचंच नाही.” माझ्या हातातला खडू हातातच राहिला. उधाण आणि भांग हे शब्द मी पुस्तकात वाचले होते. ते पोर त्यांच्यावर जेवत होते.

माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या, असा माझा संसार. विज्ञान मी मुलांना शिकवता शिकवताच शिकलो आहे आणि त्यातले पुष्कळसे चुका करून शिकलो आहे. आज सांगणार आहे ती अशाच एका चुकीची गोष्ट. मात्र तिचा खरा नायक मी नाही. तो एक इंग्रज मास्तर आहे आणि त्याला जाऊन आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

चार वर्षांपूर्वी, कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मी सहावी-सातवीची मुले घेऊन किनाऱ्यावर गेलो. आमच्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मोठी ओहोटी येते ती सकाळी आणि तिन्हीसांजेला. सूर्य नुकताच वर आला होता. पाणी दूरवर हटले होते आणि एरवी कधी दृष्टीस न पडणारा काळाजांभळा कातळ उघडा पडला होता. त्याच्या खळग्याखळग्यांतून पाणी साचून राहिलेले. त्या प्रत्येक डबक्यात एक नगर वसलेले असते. कुठे खेकडे, कुठे दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करून राहिलेले त्यांचे चुलतभाऊ, कुठे बोटभर मासे आणि जागोजाग कातळाला चिकटून फुललेली समुद्रफुले. फुले म्हणायची एवढेच. ते प्राणी असतात. पाकळ्यांसारखी दिसतात ती त्यांची भक्ष्य पकडायची बोटे. जरा स्पर्श झाला की सगळा पसारा आवरून ती गोळा होऊन बसतात.

“मुलांनो, नीट निरीक्षण करा आणि नमुने गोळा करा,” मी म्हणालो. मास्तरांचा हुकूम! कुणी हातोडी आणली होती, कुणी जुना कोयता. तासाभरात लोणच्याच्या अकरा बरण्या भरल्या. समुद्रफुले हाताने ओढली तर फाटतात, म्हणून मुलांनी ती कातळाच्या कपच्यांसकट काढली. मीच तसे सांगितले होते. त्या बरण्या आम्ही वर्गाच्या खिडकीत मांडल्या. गावातले लोक येऊन कौतुक करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तो वासाने आत पाऊल टाकवेना. पाणी दुधासारखे गढूळ झाले होते. अकराही बरण्यांत एक जीव जिवंत नव्हता.

मुले हिरमुसली. मीही काहीतरी सारवासारव करू लागलो. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक खारव्याची मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नसे. म्हणाली, “गुरुजी, माझी आई कालवं काढते. पण ती खायला काढते. आणि बारकी असतील ती ठेवते. आपण ही कशाला आणली?”

“शिकायला,” मी म्हणालो.

“मग काय शिकलो?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधत मी जी पुस्तके चाळली, त्यांत मला फिलिप हेन्री गॉस भेटला.

गॉसचा जन्म १८१० सालचा. बाप गावोगाव हिंडून लोकांची लहान लहान चित्रे रंगवी. घरात पैशाची सदा ओढ. मुलगा वाढला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल नावाच्या बंदरात. त्याची एक आत्या होती. तिने त्याला किडामुंगी ओळखायला शिकवले आणि समुद्रफुले ताज्या समुद्रपाण्यात ठेवून जगवता येतात हेही दाखवले. विश्वविद्यालयाचे तोंड या माणसाने कधी पाहिले नाही. सतराव्या वर्षी तो न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. मग १८३८ साली अमेरिकेतल्या अलाबामा प्रांतात तो शाळामास्तर झाला. तिथली गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि वर्षभरातच तो मायदेशी परतला. हे वाचताना मला त्याच्याविषयी आपलेपणा वाटू लागला. आपल्यासारखाच अर्ध्यावर शाळा सुटलेला, मास्तरकी करणारा आणि पोटासाठी पुस्तके लिहिणारा हा गृहस्थ!

१८५२ साली कामाच्या ओझ्याने प्रकृती ढासळली म्हणून तो लंडन सोडून डेव्हन प्रांताच्या किनाऱ्यावर हवापालट करायला गेला. बायको एमिली आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा एडमंड बरोबर होते. तिथल्या कातळातली डबकी पाहून त्याचे भान हरपले. रोज ओहोटी साधून तो पाण्यात उतरे, दगड उलथून पाही, आणि सापडेल ते घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरी. पण जी अडचण मला पडली तीच त्यालाही पडली. प्राणी घरी आणले की लौकरच मरत.

या अडचणीवर त्या काळी आणखी काही माणसे झगडत होती. त्यांतली एक होती ॲना थिन नावाची बाई. तिचा नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या हुद्द्यावरचा धर्मोपदेशक. १८४६ साली या बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला आणली. समुद्र तर दूर. रोज ताजे पाणी आणायचे कुठून? तेव्हा तिची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओती, पुन्हा ओती, असे अर्धा-पाऊण तास चाले. गरम चहा निववावा तसाच प्रकार. त्या ओतण्याने पाण्यात हवा मिसळे आणि पोवळी जगत. समुद्रापासून इतक्या लांब, लंडनच्या मध्यवस्तीत पोवळी जगली ती त्या मोलकरणीच्या मनगटांच्या जोरावर. तिचे नाव मात्र कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

दुसरा होता रॉबर्ट वॉरिंग्टन, धंद्याने रसायनशास्त्रज्ञ. त्याने गोड्या पाण्याच्या टाकीत दोन सोनेरी मासे सोडले आणि एक पाणवनस्पती लावली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते आणि तो माशांना मिळतो, इथवर ठीक होते. पण तिची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले आणि सगळ्यांचा संसार सुखाने चालू लागला. १८५० साली त्याने हे सारे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. झाड श्वास देते, मासा तो घेतो, गोगलगाय घर झाडते. या तिघांतला एक काढला तरी घर मोडते. समुद्राचे सारे शास्त्र जणू त्या एका टाकीत सामावलेले आहे. आमच्या बरण्यांत मात्र झाड नव्हते आणि झाडणाराही नव्हता. त्यात होती फक्त गर्दी.

गॉसने हाच मार्ग खाऱ्या पाण्यासाठी धरला. हिरव्या-तांबड्या समुद्रशेवाळाचे तुकडे त्याने दगडासकट आणून काचपात्रात ठेवले आणि त्याचे प्राणी जगू लागले. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचे एक घर लोकांसाठी उघडले. जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. त्यातले कितीतरी प्राणी गॉसने पुरवले होते. १८५४ साली त्याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. ॲक्वेरियम हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो या पुस्तकामुळे. त्यातली रंगीत चित्रे त्यानेच काढलेली. आपण पाण्याच्या आत उतरून समोर पाहतो आहोत असे ती पाहताना वाटावे. तोवर सामान्य माणसाने समुद्र पाहिला होता तो वरून, नाही तर किनाऱ्यावर येऊन पडलेला. लहानपणी मुंबईला गेलो असताना मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात मी काचेला नाक लावून उभा राहिलो होतो. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयाची वंशावळ अशी लंडनच्या त्या काचघरापर्यंत पोचते.

गॉसने नुसती पुस्तके लिहिली नाहीत. १८५५ च्या उन्हाळ्यात इल्फ्राकूम गावी त्याने स्त्रीपुरुषांचा एक वर्गच भरवला. भिंती नाहीत, बाके नाहीत. ओहोटी लागली की शाळा भरायची आणि भरती चढली की सुटायची! बिचाऱ्याचा हेतू अत्यंत शुद्ध होता. तो मोठा भाविक ख्रिस्ती होता. परमेश्वराची करणी लोकांनी डोळ्यांनी पाहावी, तिचे नवल करावे आणि नम्र व्हावे, एवढीच त्याची इच्छा. कातळावरचे समुद्रफूल इजा न होता कसे काढावे तेही त्याने पुस्तकांतून तपशीलवार सांगितले: हातोडी आणि छिन्नी घ्यावी, आणि दगडाची कपची फोडून तिच्यासकट ते उचलावे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. माझ्या अकरा बरण्या मला आठवल्या.

पुढे जे झाले त्याला काळही अनुकूल होता. काचेवरचा सरकारी कर १८४५ साली उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८४८ मध्ये रेल्वे टॉर्कीपर्यंत पोचली होती. घरातल्या दिवाणखान्यात समुद्र मांडणे ही आता ऐपतीची आणि सुसंस्कृतपणाची खूण झाली. लंडनमध्ये जिवंत समुद्रप्राणी विकणारी दुकाने निघाली. सुटीच्या दिवसांत माणसे टोपल्या, बाटल्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावर उतरू लागली. त्यांत विद्वान होते, पाद्री होते, शाळकरी पोरे होती, घरंदाज बाया होत्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. प्रत्येकाला एकच समुद्रफूल हवे होते.

काही वर्षांत ही हौस ओसरली. पाणी बदलायचा कंटाळा आला, काचपात्रे माळ्यावर गेली. पण कातळावरची फुले काही परत आली नाहीत.

याची साक्ष दिली आहे ती खुद्द गॉसच्या मुलाने. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन गॉस डेव्हनच्या सेंट मेरीचर्च गावी कायमचा राहायला गेला. आईवेगळे पोर आणि अबोल बाप यांची जोडी रोज किनाऱ्यावर दिसे. बाप छातीइतक्या पाण्यात उतरून कातळ तपासी आणि मुलगा काठावरून पाही. बाप समुद्रफुलांवर ग्रंथ लिहीत होता. मुलगाही त्याचे पाहून छोटे छोटे ग्रंथ करी. त्यांत तो निळ्या ठिपक्यांच्या आणि किरमिजी बोटांच्या नव्या जाती मनानेच निर्माण करी, आणि त्या खऱ्या जातींशी इतक्या मिळत्याजुळत्या असत की बापाचा गोंधळ उडे. शिक्षकाच्या घरचा हा देखावा वाचून हसूही येते आणि पोटात कालवतेही.

एडमंड पुढे नामांकित टीकाकार झाला. १९०७ साली त्याने ‘फादर अँड सन’ हे बापलेकांचे चरित्र लिहिले. त्यात तो या डबक्यांविषयी लिहितो. त्याच्या बालपणी ती जशी होती तशी पुन्हा कुणालाही दिसणार नाहीत. युगानुयुगे कुणी हात न लावलेले ते सौंदर्य गोळा करणाऱ्यांच्या फौजांनी पार उजाड केले. आणि या विध्वंसाला आपलीच लोकप्रिय पुस्तके कारण झाली हे वडिलांनाही पुढे कळून चुकले व त्याचे त्यांना फार दुःख झाले, असेही तो सांगतो. समुद्राचा शत्रू त्याच्याशी इतक्या वाईट रीतीने वागला नसता. हे काम प्रेमाने केले होते, म्हणून ते कुणी थांबवले नाही.

आता कुणी म्हणेल, समुद्र एवढा मोठा. दोन-चार फुले खुडली तर काय बिघडले? झाडाचे फूल खुडले की दुसरे येते. याचे उत्तर स्कॉटलंडच्या एका आजीबाईने देऊन ठेवले आहे. १८२८ साली सर जॉन डॅलियेल या गृहस्थाने नॉर्थ बेरिक गावच्या कातळावरून एक साधे तांबडे समुद्रफूल आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. तो मोठ्या निष्ठेने तिचे पाणी बदली, तिला चारा घाली. १८५१ साली डॅलियेल वारला. समुद्रफूल जिवंत होते. मग एकामागून एक दुसऱ्या माणसांनी तिचा सांभाळ केला आणि शेवटी ती एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आली. लोक तिला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत. या आजीने बरणीत शेकडो पिले दिली. १८८७ साली ती वारली तेव्हा बरणीतच तिची ५९ वर्षे झाली होती आणि वर्तमानपत्रात तिचा मृत्युलेख आला. म्हणजे ओहोटीच्या वेळी आपण एका घावात जे उडवतो, ते कदाचित आपल्या आजोबांच्या वयाचे असते. आणि त्याच्याबरोबर त्याची पुढची शेकडो पिलेही जातात.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एकही पोर हलले नाही. ती मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मी म्हणालो, “तू विचारलंस ना काय शिकलो? मी एवढंच शिकलो की मला शिकवता आलं नाही. तुझ्या आईला बोलावशील का?”

ती माउली शाळेत यायला तयारच होईना. “मी काय शिकवणार, गुरुजी? मला सही करता येते तेवढीच.” अखेर आली. पदराने घाम पुशीत फळ्यासमोर उभी राहिली. कालव कुठले काढायचे, कुठले ठेवायचे, आणि एका कातळावर लागोपाठच्या ओहोट्यांना का जायचे नाही, हे तिने दहा मिनिटांत सांगितले. शेवटी म्हणाली, “सगळं काढलं तर पुढच्या वर्षी काय दगड खायचा?” गॉसच्या ग्रंथांतून निसटलेला धडा तिने एका वाक्यात दिला.

मग माझ्या ध्यानात आले की ही शिकवण आमच्या किनाऱ्याला परकी नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच समुद्रावर जायचे, ही रीत काय सांगते? पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. तेव्हा समुद्राला उसंत द्यावी हा तिचा लाभ. आज सरकारी कायद्याने जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. कायदा नवा, शहाणपण जुने.

आणि शिकवण विसरली तर ती पुन्हा शिकताही येते. आमच्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तिथे सागरी कासवे रात्री वाळूत अंडी घालायला येतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. एके काळी ही अंडी माणसे उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती जपायला सुरुवात केली. घरटे सापडले की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवायची, पन्नासएक दिवस राखण करायची आणि पिले वर आली की वाळूवर सोडून द्यायची. समुद्रापर्यंत त्यांचे त्यांनी जायचे. ते पाहायला आता दूरदूरची माणसे येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. २००१ साली पोवळी, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि कित्येक जातींचे शंखही त्या कायद्याच्या यादीत आले. पण रात्री तीन वाजता किनाऱ्यावर कायदा जात नाही, माणूस जातो. आणि वाट पाहण्यातला आनंद ज्याला कुणीतरी शिकवला असेल, तोच जातो.

गॉसची चूक शोधून काढण्यात मला मोठेपणा वाटत नाही. त्याने लोकांना समुद्राकडे वळवले नसते तर आज समुद्राची काळजी करणारेही निपजले नसते. चूक एवढीच झाली की त्याने पहिला धडा उचलण्याचा दिला. पहिला धडा ठेवण्याचा हवा होता.

आता आम्ही दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जातो. बरोबर वही आणि पेन्सिल, बाकी काही नाही. दगड उलथायचा तो हलक्या हाताने, आणि पाहून झाले की जसा होता तसा, त्याच तोंडाने पुन्हा ठेवायचा. कारण खालचे जीव उन्हात वाळतात आणि वरचे अंधारात मरतात. बरण्यांत समुद्र भरून आणण्याची हौस आता उरलेली नाही. मुले चित्रे काढून आणतात. एकाने परवा निळ्या ठिपक्यांचे एक समुद्रफूल काढले. असले काही आमच्या किनाऱ्यावर नाही. मला एडमंड आठवला आणि मी ते चित्र भिंतीवर लावले.

त्या वर्षी जिथे आमच्या हातोड्या चालल्या, त्या कातळावर टवके उडाल्याच्या खुणा अजून आहेत. मुलांनी त्या मोजून ठेवल्या आहेत: तेवीस. दरवर्षी नवी मुले त्यांपाशी उकिडवी बसून पाहतात आणि एका जाड वहीत नोंद करतात. पहिल्या वर्षीची नोंद आहे, “कोणी नाही.” दुसऱ्या वर्षीची, “कोणी नाही. एका खळग्यात गोगलगाय.” गेल्या वर्षीची, “कोणी नाही. शेवाळ आले आहे.”

शेवाळ आले, गोगलगाय आली. म्हणजे श्वास देणारे आले आणि झाडणारीही आली. घर मांडले जात आहे. राहणारे केव्हा येतील ते येवोत. ती खारव्याची मुलगी यंदा दहावीला आहे. परवा वाटेत भेटली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, यंदा वही कोण लिहिणार?”